सुनेले कायची मुदत

सामानाच्या फिरत्या पट्ट्यावर निळी बॅग पुन्हा एकदा समोरून गेली. कुणी उचलली नाही.

भिंतीवर बाहेर टांगलेला एसीचा डबा दुरुस्त करताना घराच्या आतलं बोलणं अगदी स्वच्छ ऐकू येतं. ज्यानं हे काम केलंय त्यालाच हे ठाऊक.

"मुदत दुधाच्या पिशवीले राह्यते," रंभाबाई म्हणाल्या होत्या. "सुनेले कायची मुदत?"

भिवापुरी मिरची कढईत पडली की पहिला ठसका शेजारच्या घरात लागतो.

जमिनीवर पिवळी पट्टी. चाकांच्या बॅगांनी रंग जागोजागी खरवडून काढलेला.

"साहेब, मले फक्त एवढं सांगा. ती आत्ता नागपुरात आहे का नाही?"

साहेबांनी घाई केली नाही. "तुम्ही नागपुरात आहात," ते म्हणाले. "त्या अजून नाहीत."

*

शारजाहून नागपूरला येणारं विमान एरवी पहाटे उतरतं. त्या दिवशी धुक्यानं त्याला उशीर केला आणि ते उतरलं तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. धम्मानंद रंगारी आणि त्याची बायको निलमिनी विमानातून उतरून चालू लागले. धम्मानंदनं चालता चालताच कामठीला, थोरल्या बहिणीला फोन लावला.

"उतरले का गा?" यमुताईनं विचारलं.

"उतरलो. आई कशी आहे?"

"आहे. डोळे मिटून पडली आहे, पण कान दाराकडंच. सकाळपासून एकच लावलं तिनं, निलू आली का, निलू आली का. तुह्यं तं नावच नाही घेऊन राहिली."

"मंग मी वापस जातो."

"जाय. पण तिले इथं सोडून जाय."

धम्मानंद हसला. निलमिनीला फोनमधलं सगळं ऐकू आलं होतं, तीही हसली, आणि मग दोघांनी चाल वाढवली. कामठीच्या डॉक्टरांनी त्या आठवड्यातच सांगून टाकलं होतं की आता दवाखान्यात ठेवण्यात अर्थ नाही, घरी न्या आणि ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या.

हॉलमध्ये दोन पाट्या होत्या. एक भारतीयांसाठी, एक परदेशी नागरिकांसाठी. एरवी धम्मानंद तिच्याबरोबर परदेशी रांगेत उभा राहायचा. नवरा-बायको म्हटल्यावर कुणी हटकत नसे, उलट काउंटरवरचा माणूस दोघांचे पासपोर्ट शेजारी ठेवून एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहायचा आणि शिक्के मारून द्यायचा. आज निलमिनी म्हणाली, "तू तुह्या लायनीत जाय गा. बॅगा काढून ठेव, टाइम वाचते. मी आलीच."

नवऱ्याला 'गा' म्हणायची तिची सवय. मराठी ती सासूच्या तोंडून शिकली, आणि सासू धम्मानंदशी जशी बोलायची तशीच हीही बोलू लागली. नातेवाइकांत यावर पुष्कळ हसून झालं होतं. सासूनंच, रंभाबाईंनी, एकदा सगळ्यांना गप्प केलं, "माह्यासारखी बोलते, तं माह्यासारखा धाकबी ठेवंल."

धम्मानंद आपल्या रांगेत गेला. पुढे दोन-तीनच माणसं होती. शिक्का बसला, पासपोर्ट हातात आला, पिवळी पट्टी मागे पडली. सगळं इतक्या लवकर झालं की आपण वेळ वाचवला याचा त्याला आनंद झाला.

मागे वळून पाहिलं तर निलमिनी काउंटरशी पोचली होती. काउंटरवरच्या बाईनं पडद्याकडे पाहिलं, पासपोर्टाकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. मग तिनं फोन उचलला.

धम्मानंद परत वळला. पट्टीपाशी उभ्या असलेल्या जवानानं हात आडवा केला.

"भाऊ, तिकडंच राहा."

"माही बायको आहे ती."

"असंल. पण आता तिकडंच राहा."

*

लग्न कसं जमलं ते आधी सांगून टाकलेलं बरं. नाहीतर हा एसीचा डबा वाचणाऱ्याच्या डोक्यात लोंबकळत राहील.

धम्मानंद शारजात इमारतींची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत एसी मेकॅनिक. वैशाख पौर्णिमेच्या संध्याकाळी तो एका जुन्या इमारतीच्या भिंतीला, कमरेला पट्टा बांधून, एसीच्या बाहेरच्या डब्याशी झटत होता. आतून आवाज आला. बुद्धं सरणं गच्छामि. चाल वेगळी होती, शब्द तेच होते. लंकेहून कामाला आलेली माणसं एका खोलीत जमून वंदना घेत होती. धम्मानंदच्या हातात पाना होता आणि पायाखाली चार मजले. त्यानं भिंतीवरूनच पुढचं म्हटलं, मोठ्यानं. खिडकी उघडली आणि एका बाईनं डोकं बाहेर काढलं. ती निलमिनी. तिनं याला आधी पाणी दिलं आणि मग, गल्फमध्ये जशी हिंदी बोलतात तशा हिंदीत, "पहले नीचे उतरो," असं दटावलं.

लग्न झालं लंकेच्या दक्षिण टोकाकडच्या तिच्या गावी. तिथून तो तिला कामठीला घेऊन आला तेव्हा अख्खा मोहल्ला पाहायला लोटला. शेजारचा धोंडबा चहा पिता पिता म्हणाला, "रंभाबाई, लंकेची सून आणली म्हंता. आग-बिग तं नाही लावणार ना?"

"आग लावणारे इकडून गेले होते बापा," रंभाबाई म्हणाल्या. "तिकडून कोणी नाही आलं."

दोघी पहिल्या दिवसापासून एकमेकींच्या झाल्या. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, हेही कारण असेल. सकाळी दोघी पांढऱ्या साड्या नेसून विहारात जायच्या आणि तिथं तरी दोघींना सगळं सारखंच येत होतं. निलमिनीनं भिवापुरी मिरचीत सुकी मासोळी केली, रंभाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी पुन्हा वाढून घेतली. सुट्टी संपली की दोघं शारजाला परत. अशी वर्षं गेली. मूल झालं नाही. त्यावर रंभाबाईंनी कधी एक शब्द काढला नाही आणि दुसऱ्या कुणाला काढू दिला नाही.

मग एक वर्ष असं आलं की कंपनीनं माणसं कमी केली. दुसरं काम मिळेपर्यंत धम्मानंद बायकोला घेऊन कामठीला येऊन राहिला. पावसाळा होता. वर्षावासाचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. बायका पाळीनं वाचतात. रंभाबाईंच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू पिकला होता. त्यांनी सुनेला अक्षरं शिकवायला घेतली, पाटीवर नाही, दळलेल्या ज्वारीच्या पिठात बोट फिरवून. "माह्या पाळीले तू वाचशील," त्या म्हणाल्या. आणि निलमिनी वाचू लागली. अडखळत, जोडाक्षराशी थांबून श्वास घेत. बायका कंटाळायच्या नाहीत. ती अडली की सगळ्या मिळून शब्द पुढे ढकलायच्या.

तिच्या व्हिसाची मुदत संपत होती आणि वाचन अर्ध्याच्या थोडं पुढे आलं होतं.

"अर्ध्यावर उठून कोणी जाते का?" रंभाबाईंनी विचारलं. धम्मानंदनं समजावून पाहिलं. तेव्हाच ते दुधाच्या पिशवीचं बोलणं झालं. धम्मानंदलाही ते पटलं. खरं सांगायचं तर त्याला ते फार आवडलं, पुढे कितीतरी दिवस तो मित्रांना हसून सांगायचा. आश्विन पौर्णिमेला समारोप झाला, भोजनदान झालं, निलमिनीनं दोनशे माणसांच्या पंगतीत भात वाढला, आणि मग दोघं पोलीस ऑफिसला गेले. दंड भरला, निघण्याची परवानगी घेतली, गेले. दंड भरला म्हणजे विषय संपला, असं धम्मानंद समजला. लाइटच्या बिलाचं तसंच असतं.

त्यानंतर लंकेत तिच्या भावाचं आजारपण निघालं, मग जगभरची विमानं बंद पडली, मग शारजातली नवी नोकरी. धम्मानंद एकटाच कामठीला येऊन जायचा. ती आली नाही. ती येत होती ती आज.

*

इमिग्रेशनचे साहेब पन्नाशीचे होते, नागपूरचेच, बोलायला सौम्य. त्यांनी धम्मानंदला पट्टीच्या अलीकडे उभं करून, पलीकडून सांगितलं.

"ह्या आधी मुदतीपेक्षा जास्त राहिल्या होत्या."

"हाव. दंड भरला साहेब. पावती आहे."

"दंडाचं नाही हो. या वेळी व्हिसाच्या अर्जात प्रश्न आहे, कधी मुदतीपेक्षा जास्त राहिलात का. उत्तर दिलंय, नाही. अर्ज कुणी भरला?"

अर्ज धम्मानंदनंच भरला होता, शारजात, कामाच्या सुट्टीत, फोनवर, अंगठ्यानं. यमुताईचा फोन येऊन गेला होता आणि प्रश्नामागून प्रश्न येत होते. त्या प्रश्नाशी तो थांबलादेखील नव्हता. जास्त राहणं म्हणजे कुठं लपूनछपून राहणं, पळून राहणं, असं काहीतरी त्याच्या मनात होतं. आईच्या घरी, आईनं थांब म्हटल्यावर थांबणं हे जास्त राहणं आहे, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

"मी भरला साहेब. चूक माही आहे. मले पाठवा वापस."

"तुम्हाला कुठं पाठवणार? तुम्ही इथलेच."

"आई जाऊन राहिली साहेब. हिलेच बोलवून राहिली."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "मी दिल्लीला विचारतो," ते म्हणाले. "पण हेच विमान तासाभरात वापस जातं. तेवढ्यात हो आलं तर आलं."

*

निलमिनीला काचेच्या खोलीत बसवलं होतं. समोर एक बाई कागद भरत होती. दार लोटलेलं. धम्मानंदला ओठ हलताना दिसायचे, ऐकू काही यायचं नाही. म्हणून मग त्यानं प्रश्नही स्वतःच घातले आणि उत्तरंही स्वतःच दिली.

नाव काय?

निलू.

पासपोर्टावरचं नाव विचारलं.

ते तुमच्यापाशी लिहिलेलं आहे.

इथं कुणाकडे आल्या?

माह्या घरी.

घर कुणाच्या नावावर?

सासूच्या.

मागच्या वेळी जास्त का राहिल्या?

वाचन चालू होतं.

कसलं वाचन?

इथं धम्मानंद अडला. त्याला उत्तर माहीत होतं, पण ते असं कागदावर, एका ओळीत बसेल असं सांगता येईना. त्यानं प्रश्न गाळला.

वापस जाल का?

हाव.

कधी?

हाही प्रश्न त्यानं गाळला.

काचेपलीकडे खरी निलमिनी नुसती मान हलवत होती. बहुधा ती बाई हिंदीत विचारत होती आणि ही हो-नाही करत होती. एकदा तिनं मान वर करून धम्मानंदकडे पाहिलं. त्यानं हात वर केला. विमानतळावर माणसं करतात तसा, आलेल्या माणसाला. मग त्यालाच कसंतरी वाटलं आणि त्यानं तो हात डोक्यावरून फिरवून खाली घेतला.

आजूबाजूचा हॉल रिकामा होत आला होता. त्याच विमानातून आलेली पोरंसोरं, म्हातारेकोतारे, गल्फमधून घोंगड्या आणि टीव्हीची खोकी घेऊन आलेले, सगळे बाहेर गेले. फिरता पट्टा चालू होता आणि त्यावर दोनच बॅगा होत्या. त्याची आणि तिची निळी. धम्मानंदनं आपली काढून घेतली. तिची काढायला त्याचा हात होईना. काढली तर काहीतरी कबूल केल्यासारखं होईल, असं त्याला वाटलं.

साहेब आले ते हळू चालत आले. तेवढ्यावरून त्याला कळलं.

*

साहेबांनी एक केलं. निलमिनीला फोन करू दिला. दार उघडं ठेवलं आणि स्वतः तोंड फिरवून उभे राहिले. धम्मानंदला तिचं बोलणं ऐकू येत होतं, पलीकडचं नाही.

"यमुताई, आईच्या कानाले लावा जी फोन."

"..."

"आई. मी निलू वं."

"..."

"हाव आई. आली. नागपुरात आहो."

"..."

"जेवली ना. विमानात देते."

विमानात तिनं डब्याचं झाकणही काढलं नव्हतं.

"धम्मा पुढं येऊन राहिला. मले जरा टाइम लागते. तुम्ही गोळी घेतली का? ... काहून? ... कडू लागते म्हणून नाही घेतली? लहान आहे का तुम्ही? घ्या. मी ऐकून राहिली. घ्या."

ती थांबली. गोळी गिळली जाईपर्यंत फोन कानाला लावून, डोळे मिटून थांबली. मग म्हणाली, "हं. आता पडा," आणि फोन बंद केला.

मग दोघांना पट्टीपाशी आणलं. हा अलीकडे, ती पलीकडे. मध्ये एक वीतभर रंग.

"मी बी येतो तुह्यासंग," धम्मानंद म्हणाला. "तिकीट मिळंल. साहेबांले इचारतो."

"आन् आई?"

"यमुताई आहे."

"मले सोडत नाही म्हणून मी नाही जाऊन राहिली," निलमिनी म्हणाली. "तुले तं सोडलं. मंग तू काहून उभा आहे?"

"रागावली?"

"हाव."

"माह्यामुळं झालं."

"हाव. तुह्यामुळंच झालं. आता जाय."

तिनं पर्समधून छोटी चाबी काढून पट्टीवरून त्याच्या हातात दिली. जवानानं पाहिलं आणि दुसरीकडे पाहिलं. "निळ्या बॅगेत मासोळी आहे. वास येते, पहिले ती काढ. कपड्यात तेलाची शिशी आहे, आमच्या गावचं तेल. आईच्या पायाले लाव. डावा पाय पहिले, उजवा मंग. उलटं केलं तं झोपत नाही ती."

"तू शारजाले कोणाले फोन कर, घ्यायला येतीन."

"मी जाईन बसनं," ती म्हणाली. "मले रस्ता माहीत आहे."

तिला आत नेलं तेव्हा तिनं मागे वळून पाहिलं नाही. तिची चाल मात्र ओळखीची होती. विहारात उशीर झाला की ती अशीच चालायची, भरभर, पदर एका हातात धरून.

धम्मानंदनं फिरत्या पट्ट्यावरून निळी बॅग उचलली.

*

बाहेर दादाजी आपली व्हॅन घेऊन उभा होता. धम्मानंदचा लहानपणचा दोस्त. त्यानं दोन बॅगा पाहिल्या, एक माणूस पाहिला.

"वहिनी?"

"मागून येऊन राहिली."

"मंग थांबू ना."

"नको. चाल तू."

दादाजीनं अजून एकदा दरवाजाकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली. कामठी रोडला लागले तेव्हा वरून विमानाचा आवाज आला. दादाजीनं काचेतून वाकून पाहिलं. धम्मानंद मांडीवरची निळी बॅग सारखी करत होता. जागा होती, मागं ठेवता आली असती.

मोहल्ल्यात बऱ्याच जणी दाराशी आल्या होत्या. लंकेची सून किती वर्षांनी येणार म्हणून. धम्मानंद एकटा उतरला तेव्हा त्या एकेक करून आत गेल्या. यमुताई उंबऱ्यात उभी होती. बाहेरून आलेल्याच्या पायावर पाणी घालायची त्यांच्या घरची रीत. तिच्या हातात भरलेली चरवी होती, दोघांपुरती. तिनं धम्मानंदच्या पायावर पाणी घातलं. चरवीत अर्धं उरलं. ते आत न्यावं की सांडावं तिला कळेना, म्हणून ती चरवी तशीच हातात धरून उभी राहिली.

"काय सांगू आईले?" तिनं हळूच विचारलं.

"मी सांगतो."

पण सांगायची वेळच आली नाही. रंभाबाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "कोण, धम्मा? निलू कुठं आहे?"

"येऊन राहिली आई."

"हाव. बोलली मले. नागपुरात आहे म्हणे." त्यांनी पाय हळूहळू जवळ घेतले, पलंगाच्या कडेला दोन माणसं बसतील एवढी जागा केली. "चप्पल बाहेर काढ म्हणा तिले. फरशी आत्ताच पुसली."

धम्मानंदनं बॅग उघडली. शिशी काढली. कडेला केलेल्या जागेत तो अर्ध्यातच बसला, उरलेली अर्धी तशीच सोडली. तेल हातावर घेतलं आणि डाव्या पायापासून सुरुवात केली. रंभाबाई थोड्या वेळानं झोपल्या. तो उजवा पाय झाला तरी उठला नाही, पुन्हा डावा घेतला.

रंभाबाई अजून तीन दिवस होत्या.

लग्नाआधी, निलमिनीची स्वतःची आई गेली तेव्हा निलमिनी शारजात एका घरी कामाला होती. पासपोर्ट मालकाच्या कपाटात होता. कपाटाला कुलूप होतं आणि मालक गावाला गेला होता.